मुलांना हसत हसत भिऊ द्यावे

आपल्या शाळेच्या ग्रंथालयात मुलांची आवड कशात आहे हे जाणून घ्यावयाचे असेल, तर नोंदवही चाळण्याची गरज नाही. कपाटापुढे क्षणभर उभे राहून पुस्तकांच्या पाठी पाहिल्या तरी पुरे. थोर पुरुषांची चरित्रे, शास्त्रीय शोधांच्या कथा आणि प्रवासवर्णने आपापल्या जागी ताठ उभी असतात. ज्यांचे पुठ्ठे निखळले आहेत, शिवण उसवली आहे आणि पानांचे कोपरे दुमडून दुमडून गळून पडले आहेत, ती पुस्तके बहुधा भुतांची, राक्षसांची आणि चेटकिणींची असतात. त्यांतही जी वाचताना मुले एकाच वेळी दचकतात आणि खिदळतात, ती तर पुरी दोन सत्रेही टिकत नाहीत.

ही गोष्ट काही पालकांच्या ध्यानात आली आहे, आणि त्यांनी ती शिक्षकांपाशी बोलूनही दाखविली आहे. अशा पुस्तकांनी कोवळ्या मनावर वाईट संस्कार होणार नाहीत काय? रात्री मूल घाबरून उठले तर त्याला जबाबदार कोण? ज्या वयात सदाचाराचे धडे मिळावयास हवेत, त्या वयात भुतावळीची थट्टा कशासाठी? ही पुस्तके कपाटातून काढून घ्यावीत, अशीही सूचना आली. हे प्रश्न मुलांविषयीच्या कळकळीतून आलेले आहेत, म्हणून त्यांचे उत्तर हसण्यावारी नेता येणार नाही. माझे मत मात्र स्पष्ट आहे. ही पुस्तके कपाटात राहावीत. इतकेच नव्हे, तर जी अगदीच झिजली आहेत त्यांच्या नव्या प्रती आणाव्यात.

प्रथम आपण कोणत्या वाङ्मयाविषयी बोलत आहोत ते निश्चित करू. केवळ रक्तपात रंगविणाऱ्या कथा येथे अभिप्रेत नाहीत, आणि निव्वळ गुदगुल्या करणारे विनोदही नाहीत. ज्या गोष्टींत भीषण आणि हास्यास्पद हे दोघे हात धरून चालतात, ज्यांत मरण दाराशी येते परंतु दारातच अडखळून पडते, अशा गोष्टींचा हा विचार आहे. हा प्रकार कोणी परदेशातून आणून आपल्या मुलांच्या माथी मारला आहे, अशी समजूत असल्यास ती आधी दूर करावयास हवी.

मराठी मूल जी पहिली गोष्ट ऐकते ती बहुधा चिमणी-कावळ्याची. शेणाचे घर पावसात वाहून गेलेला कावळा भिजत, कुडकुडत चिमणीच्या मेणाच्या घराशी येतो. चिमणी आतून एकामागून एक सबबी सांगत राहते: बाळाला न्हाऊ घालू दे, पुसू दे, अंगडे घालू दे. पाऊस पडत असतो, कावळा भिजत असतो, आणि ऐकणारे मूल प्रत्येक सबबीला अधिकाधिक हसत असते. अनेक घरांतल्या सांगण्यात शेवटी कावळा आत येतो, चुलीपाशी शेकत बसतो आणि भाजून निघतो. ही गोष्ट आपण दोन-तीन वर्षांच्या मुलाला, घास भरविता भरविता, सांगत आलो आहो! ती ऐकून कोणी मूल क्रूर झाल्याचे ऐकिवात नाही.

लेकीकडे निघालेल्या म्हातारीची गोष्ट याहून एक पाऊल पुढे जाते. रानात वाघ तिला खावयास येतो. म्हातारी रडत नाही, देवाचा धावाही करीत नाही. ती त्याला व्यवहाराची गोष्ट सांगते: आता माझ्या अंगावर मांस नाही, लेकीकडे जाते, तूपरोटी खाऊन धष्टपुष्ट होते, मग परतताना मला खा. आपल्याच मरणाचा सौदा आपल्याच वजनावर करणारी ही म्हातारी, आणि परतीच्या वाटेवर भोपळ्यात बसून त्याच वाघाला चकविणारी ही म्हातारी, जगातील कोणत्याही साहित्यात मानाने मिरवावी अशी आहे. भयंकर विनोदी बालकथेचे सारे मर्म तिच्यात आहे. दुबळा जीव, प्रचंड संकट, आणि त्या दोहोंमध्ये उभी असलेली हजरजबाबी बुद्धी!

पंचतंत्राकडे वळावे तर तेथेही हेच. महिलारोप्य नगरीच्या अमरशक्ती राजाच्या तीन मंद पुत्रांना सहा महिन्यांत शहाणे करण्याचे विष्णुशर्म्याने पत्करले. त्याच्या कथांत एक म्हातारा बगळा आहे. बारा वर्षांचे अवर्षण येणार, असे सांगून तो तळ्यातील माशांचा विश्वास संपादन करतो. त्यांना एकेक करून दुसऱ्या तळ्यात नेण्याच्या मिषाने खडकावर नेऊन खातो. शेवटी खेकड्याची पाळी येते. खडकावरील काटे पाहून खेकडा काय समजायचे ते समजतो, नांगीने बगळ्याची मान कापतो आणि ती मान फरफटत मूळ तळ्यावर घेऊन येतो. दुसरीकडे चार ब्राह्मणपुत्र आहेत. त्यांपैकी तिघे विद्वान, आणि विद्येच्या जोरावर मेलेला सिंह जिवंत करून दाखवितात. विद्या नसलेला चौथा तेवढ्यात झाडावर चढलेला असतो म्हणून वाचतो. अतिशहाण्यांचा असा अंत वाचून हसू येते, आणि हसता हसता अंगावर काटाही येतो. विष्णुशर्म्याने राजपुत्रांना हे सारे सांगितले, कारण ज्यांना पुढे जगात वावरावयाचे आहे त्यांच्यापासून जगातील कपट आणि मरण लपवून ठेवणे त्याला शहाणपणाचे वाटले नसावे.

माझी घरची भाषा कोकणी. मराठी मला शाळेने आणि पुस्तकांनी दिली. परंतु ती परक्याची भाषा न राहता माझी केव्हा झाली, असे कोणी विचारले तर मला सुभाषितांची किंवा निबंधमालांची आठवण होत नाही. आठवण होते ती ‘चांदोबा’तील वेताळाची. ‘चंदामामा’ची ही मराठी आवृत्ती १९५२ साली निघू लागली, आणि तिच्या जुन्या अंकांचे गठ्ठे पुढील कित्येक वर्षे घरोघर जपले गेले. खांद्यावर प्रेत, हातात तलवार आणि भोवती स्मशान, असे विक्रमराजाचे चित्र काढणारे चित्रकार के. सी. शिवशंकर २०२० साली वारले. पण ते चित्र ज्यांनी लहानपणी पाहिले त्यांच्या मनातून ते जाणे शक्य नाही. या कथेची मांडणीच पाहा. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याच्या डोक्याची शकले व्हावयाची, आणि बोलला तर प्रेत पुन्हा झाडावर जाऊन लटकावयाचे! एवढा पराक्रमी राजा, पण एका बडबड्या प्रेताने त्याची केलेली ही कोंडी पाहून मुलाला भीती वाटावी की हसू यावे? दोन्ही एकदमच होते. ही कथामाला अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागरा’त गुंफली, म्हणजे वेताळ आपल्या मुलांना गेली नऊशे वर्षे तरी भिववीत आणि हसवीत आला आहे.

पुस्तकांबाहेरही हाच खेळ चालतो. गोव्यात दिवाळीच्या आदल्या रात्री गल्लोगल्ली नरकासुराच्या प्रतिमा उभ्या राहतात. गवत, कागद आणि लाकूड यांच्या त्या विक्राळ मूर्ती करण्यात मुलांचा हात मोठा असतो. सुळे किती लांब करावे, डोळे किती वटारावे, यावर त्यांच्यात वादविवाद चालतात. पहाटेपूर्वी तो नरकासुर जाळावयाचा, आणि मग घरी येऊन पायाच्या अंगठ्याने कारीट चिरडून त्याचा कडू रस जिभेला लावावयाचा. नागपूरला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी मारबत, पिवळी मारबत आणि त्यांच्यामागून बडगे निघतात. त्या वर्षीची रोगराई, महागाई, लाचलुचपत या साऱ्यांना आचरट रूपे देऊन गावाबाहेर नेऊन जाळतात. १९५६ साली भोपाळ राजधानी झाल्यावर नागपूरहून जी मराठी कुटुंबे सरकारी नोकरीनिमित्त या टी. टी. नगरात आली, त्यांच्या घरांतून मारबतीच्या आठवणी अजून निघतात. त्यांची मुले-नातवंडे आता आपल्या दसरा मैदानावर रावण जळताना पाहतात. दहा तोंडांचा तो राक्षस फटाक्यांच्या आवाजात कोसळतो, तेव्हा वडीलधाऱ्यांच्या खांद्यावर बसलेली मुले टाळ्या पिटतात. त्या वेळी कोणी पालक मुलाचे डोळे झाकीत नाही. मग तोच राक्षस पुस्तकात आला म्हणजे आपल्याला भय का वाटावे?

मराठी बालवाङ्मयाच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर काही अंशी सापडते. आपले छापील बालवाङ्मय जन्माला आले तेच मुळी शिक्षकाच्या हाताखाली. सदाशिव काशिनाथ छत्रे यांचे ‘बाळमित्र’ १८२८ साली निघाले, ते एका फ्रेंच बोधपर पुस्तकाच्या इंग्रजी रूपावरून. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ साली ‘बालबोध’ मासिक काढले, आणि वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ साली ‘आनंद’. या मंडळींचे ऋण फेडता येण्यासारखे नाही. पुढे साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहून मराठी मुलांना रडावयास शिकविले, आणि ते रडणेही मोलाचेच होते. परंतु बोध आणि अश्रू या दोन वाटा इतक्या रुळल्या की, मुलांच्या पुस्तकाला तिसरी वाट असू शकते हे आपण विसरलो. आजीच्या मांडीवर ऐकलेली म्हातारी आणि तिचा वाघ पुस्तकात येताना ‘तात्पर्य’ नावाचा पहारेकरी बरोबर घेऊनच येऊ लागले.

ही तिसरी वाट ज्यांनी मोकळी केली त्यांत विंदा करंदीकर आणि रत्नाकर मतकरी यांची नावे आदराने घ्यावी लागतील. ज्ञानपीठ पुरस्काराने ज्यांचा गौरव झाला त्या विंदांनी १९८१ साली मुलांसाठी ‘पिशीमावशी आणि तिची भुतावळ’ लिहिली. नावातच सारे आले. भुतांची टोळी खरी, पण तिची नायिका कोण? तर मावशी! आईच्या खालोखाल जिचा आधार वाटावा तिलाच कवीने भुतावळीच्या मध्यभागी आणून बसविले. पुढे १९९३ साली त्यांच्या एका बालकवितासंग्रहाचे नाव ‘बागुलबोवा’ असे आले. ज्याच्या नावाने पिढ्यान् पिढ्या मुलांना जेवू घातले आणि झोपविले, तो मुलांच्या स्वतःच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर येऊन बसला. मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’ नाटकातील चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकर यांनी रंगविली तेव्हा मुलांनी तिला जसे डोक्यावर घेतले, तसेच २०१८ साली वैभव मांगले यांनी ती पुन्हा उभी केली तेव्हाही घेतले. मधल्या काळात घरांत दूरदर्शन आले, मोबाईल आला. पण चेटकिणीने रंगमंचावर पाऊल टाकताच मुलांनी आईच्या पदराआड तोंड लपवावे आणि पुढच्याच क्षणी तिला चिडवावे, हे काही बदलले नाही.

बाहेरच्या जगातही हीच साक्ष मिळते. जर्मनीतील फ्रांकफुर्ट येथील हाइनरिख होफमान या डॉक्टरांना १८४४ च्या नाताळात आपल्या लहान मुलासाठी मनासारखे चित्रपुस्तक मिळेना. म्हणून त्यांनी स्वतःच एक केले आणि ते १८४५ साली छापले गेले. अंगठा चोखणाऱ्या मुलाचे अंगठे शिंपी कात्रीने कापून टाकतो, असले त्यातील प्रकार! तरी ते पुस्तक आजही वाचले जाते. इंग्रजीत रोआल्ड डाल यांनी दुष्ट मावश्या, मुलांना उचलून फेकणाऱ्या मुख्याध्यापिका आणि टक्कल लपविणाऱ्या चेटकिणी निर्माण केल्या. अमेरिकेत डॅनियल हँडलर यांनी ‘लेमनी स्निकेट’ या नावाने १९९९ ते २००६ या काळात तीन अनाथ भावंडांची तेरा पुस्तके लिहिली. त्यांतील निवेदक वाचकाला वारंवार विनवितो की, हे पुस्तक मिटून ठेवा, यात सुखाचे काहीच नाही. आणि अर्थातच ते कोणी मूल मिटीत नाही.

परंतु या सर्वांत मला जवळचे वाटतात ते बंगालचे सुकुमार राय. कालाजार या त्या काळी असाध्य असलेल्या रोगाने ते अंथरुणाला खिळले होते. घरात दोन वर्षांचा मुलगा होता. तोच पुढे सत्यजित राय म्हणून जगाला ठाऊक झाला. अशा अवस्थेत त्यांनी मुलांसाठी विचित्र प्राण्यांच्या आणि उलट्या न्यायाच्या कविता लिहिल्या, आणि आजारपणातच ‘आबोल ताबोल’ या संग्रहाची तयारी केली. १० सप्टेंबर १९२३ रोजी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, ते गेले. पुस्तक त्यानंतर नऊ दिवसांनी प्रसिद्ध झाले. मरण उशाशी असताना ज्याने मुलांना हसविले, त्याचे हसणे उथळ होते असे कोण म्हणेल?

आता मुलांना या प्रकाराची एवढी ओढ का, याचा विचार करू. भरतमुनींनी आठ रस सांगितले. त्यांत हास्यही आहे आणि भयानकही. पुढे साहित्यदर्पणकार विश्वनाथाने हास्याचे भयानकाशी वैर सांगितले. मोठ्यांच्या नाटकांपुरते ते खरे असेल. मुलांच्या राज्यात मात्र हे दोघे शेजारी आहेत. ‘भोकाड्या आला!’ म्हणून अंगावर धावून जावे, मुलाने किंचाळून पळावे, आणि धापा टाकीत परत येऊन ‘आणखी एकदा!’ म्हणावे, हा खेळ कोणत्या घरात होत नाही? भीती आपल्या हातची आहे, ती आपण बोलावली म्हणून आली आणि आपण थांब म्हटल्यावर थांबेल, याची खात्री असली की तिच्यासारखी गंमत दुसरी नाही. पुस्तक ही खात्री देते. पान उलटणे मुलाच्या हातात असते. पुस्तक मिटणेही त्याच्याच हातात असते.

दुसरे कारण न्यायाचे. मोठ्या माणसांनी आयुष्यात पुष्कळ तडजोडी केलेल्या असतात, म्हणून त्यांना दया प्रिय असते. मुलांचा न्याय कडक असतो. बगळ्याने मासे खाल्ले, तर बगळ्याची मान गेलीच पाहिजे. त्यात त्यांना क्रौर्य दिसत नाही. हिशेब पुरा झालेला दिसतो. तिसरे कारण असे की, मूल हे या जगातील सर्वांत कमी अधिकार असलेले माणूस आहे. केव्हा उठावे, काय खावे, कोणाच्या पाया पडावे, सारे दुसरे ठरवितात. अशा जिवाला वाघाला फसविणारी म्हातारी, राजाला जेरीस आणणारा वेताळ किंवा स्वतःच्याच मंत्रात अडकणारी चेटकीण भेटली म्हणजे थोडा वेळ जग उलटे होते. मोठा आणि बळकट तो मूर्ख ठरतो, आणि लहान तो शहाणा. असा उलटा झालेला संसार पाहून मूल पुन्हा आपल्या सुलट्या संसारात अधिक सोसण्याच्या तयारीने परत येते.

येथपर्यंत मी एकच बाजू मांडली. आक्षेपांतील दोन गोष्टी मला अगदी खऱ्या वाटतात, आणि त्या टाळून पुढे जाणे शिक्षकाला शोभणार नाही.

पहिली गोष्ट चेटकिणीची. रंगमंचावरची चेटकीण खोटी आहे. परंतु आपल्या देशात खरोखरीच्या स्त्रियांना, विशेषतः एकट्या, वृद्ध आणि गरीब स्त्रियांना, चेटकीण ठरवून मारहाण करण्याचे प्रकार घडलेले आहेत. २००० सालापर्यंत आपल्याच राज्याचा भाग असलेल्या छत्तीसगढात २००५ साली टोनही प्रताडनेविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोण्याविरुद्ध कायदा झाला. मग चेटकिणीच्या गोष्टीने आपण त्या अंधश्रद्धेला खतपाणी घालतो काय? माझे उत्तर असे की, ते गोष्ट कशी सांगितली यावर अवलंबून आहे. आवाज खाली करून, ‘अशा बायका असतात हो!’ असे सांगितलेली गोष्ट विषारी असते, मग तिच्यात विनोदाचा लवलेश असो वा नसो. उलट, जी चेटकीण स्वतःच्या हुशारीवर भाळून स्वतःच फजीत होते, तिच्याकडे पाहून हसलेल्या मुलाला पुढे कोणी खऱ्या चेटकिणीची भीती घालू लागला, तर त्या सांगणाऱ्याचेच त्याला हसू येण्याचा संभव अधिक. तरीही शिक्षकाचे कर्तव्य उरतेच. गोष्ट संपली की मुलांना सांगावे: ही चेटकीण कागदाची आहे, गावाच्या कडेला एकटी राहणारी म्हातारी ही कोणाची तरी आजी आहे, आणि तिला चेटकीण म्हणणे हा काही राज्यांत कायद्याने आणि सर्वत्र माणुसकीने गुन्हा आहे.

दुसरी गोष्ट हसण्याच्या दिशेची. बलिष्ठाला हसणे वेगळे आणि दुबळ्याला हसणे वेगळे. वाघ फसला म्हणून हसावे. लंगडा पडला म्हणून हसू नये. काळा रंग, बसके नाक, बोबडे बोल, लठ्ठ शरीर, दारिद्र्य, विधवेचे एकटेपण यांची थट्टा करून हसविणारी पुस्तके आपल्याकडेही आहेत आणि परदेशांतही. डाल यांच्या पुस्तकांतील रंगरूप आणि लठ्ठपणा यांविषयीचे शब्द त्यांच्या प्रकाशकांनी बदलले, त्यावरून २०२३ साली मोठा वाद झाला. शेवटी जुनी आवृत्तीही चालू ठेवण्याचे प्रकाशकांना जाहीर करावे लागले. मृत लेखकाच्या पुस्तकातील शब्द दुसऱ्याने बदलणे मला पसंत नाही. परंतु कोणते पुस्तक वर्गात वाचावे हे ठरविणे शिक्षकाच्या आणि पालकांच्या हातात आहे, आणि तेथे ही कसोटी कठोरपणे लावावी. मूल कोणाला हसले? आपल्याहून मोठ्याला, की आपल्याहून लहानाला? पहिले असेल तर ते पुस्तक कितीही भयंकर असो, कपाटात असू द्यावे. दुसरे असेल तर ते कितीही गोड असो, ते देताना दहा वेळा विचार करावा.

मोबाईलवर दिसणारी रक्ताळलेली दृश्ये आणि ही पुस्तके यांत पालकांनी गल्लत करू नये, हेही येथेच सांगितले पाहिजे. तेथे सांगणारा कोणी नसतो, शेवट नसतो, आणि हसूही नसते. एक दृश्य संपण्यापूर्वी दुसरे अंगावर येते. गोष्टीला आरंभ, मध्य आणि शेवट असतो, शब्द असतात, आणि शब्दांमधून किती भयंकर चित्र उभे करावयाचे हे मुलाचे मनच ठरविते. ज्याला जेवढे पेलते तेवढेच ते उभे करते.

पालकहो, आपण ज्या शहरात राहतो त्या शहरातील मुलांना पुस्तकांपूर्वीच भीती ठाऊक झालेली आहे. १९८४ सालच्या डिसेंबरातील २ आणि ३ तारखांमधील रात्री या भोपाळात विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. ज्यांनी ती रात्र पाहिली ते आज आपल्या विद्यार्थ्यांचे आजी-आजोबा आहेत. घरात मोठी माणसे हलक्या आवाजात बोलतात, आणि मूल आत आले की गप्प होतात. पुढे २०२० आणि २०२१ साली कोरोनाच्या साथीत पुन्हा कित्येक घरांतून माणसे गेली. मुलांनी दारे बंद असलेली पाहिली, शाळा बंद असलेली पाहिली. अशा मुलांपुढे आपण केवळ फुलपाखरांच्या आणि पऱ्यांच्या गोष्टी ठेवल्या, तर त्यांना काय वाटेल? मोठ्यांना खरे काय ते ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून ते सांगत नाहीत, असेच वाटेल. उलट, वाघाशी सौदा करणारी म्हातारी त्यांना सांगते की, संकट खरे आहे, त्याचे दात खरे आहेत. तरीही बोलता येते, युक्ती करता येते, आणि हसताही येते. हे सांगणे खोटे दिलासे देण्याहून कितीतरी अधिक प्रामाणिक आहे. दुःखी मुलाला अशी पुस्तके बळेच द्यावीत, असे मात्र मी म्हणणार नाही. ज्याच्या घरात नुकतेच दुःख झाले आहे, त्याने स्वतः हात पुढे करीपर्यंत थांबावे. पण त्याने हात पुढे केला, तर तो मागे ढकलू नये.

आणखी एक गोष्ट आपल्या भाषेची. भोपाळात मराठी मूल रस्त्यावर हिंदी बोलते, खेळाच्या मैदानावर हिंदी बोलते, आणि संगणकावर इंग्रजी वाचते. मराठी त्याला कोठे भेटते? पाठ्यपुस्तकात, प्रार्थनेत आणि वडीलधाऱ्यांच्या उपदेशात. भाषा अशी केवळ उपदेशाची झाली की मूल तिला आदराने नमस्कार करते आणि संधी मिळताच तिच्यापासून दूर पळते. ज्या भाषेत मूल चोरून हसले, पांघरुणात बॅटरी लावून ज्या भाषेतील भूत त्याने वाचले, ती भाषा त्याला सहसा सोडवत नाही. हिंदीत मुलांना ‘चकमक’सारखे मासिक मिळाले, एकलव्य संस्थेने ते १९८५ पासून आपल्याच शहरातून चालविले आणि त्यात मुलांनी स्वतः लिहिलेले, काढलेले मानाने छापले. मराठी मुलाला त्याच्या मराठीतही असे मोकळे अंगण असावयास हवे. ते पिशीमावशीच्या घरामागे असले तरी चालेल.

म्हणून पालकांना माझी विनंती एवढीच. मूल असे पुस्तक घेऊन आले तर ते हिसकावू नका. त्याच्याजवळ बसा आणि मोठ्याने वाचून घ्या. राक्षसाचा आवाज काढावयाची लाज वाटू देऊ नका. मूल ‘पुरे’ म्हणेल तेथे थांबा. गोष्टीच्या शेवटी तात्पर्य विचारू नका. ते त्याला कळलेले असते, आणि कळले नसेल तर ते विचारल्याने कळत नाही. आणि बागुलबुवाचा उपयोग जेवण संपविण्यासाठी करणे आजपासून सोडून द्या. गोष्टीतील भीती हा खेळ आहे. धाकातील भीती ही शिक्षा आहे. मुलांना या दोहोंतील भेद आपल्यापेक्षा लवकर कळतो.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हालाही एक काम सांगते. आपल्या आजी-आजोबांपाशी जा आणि त्यांच्या गावच्या भुताची, राक्षसाची किंवा लबाड म्हातारीची एखादी गोष्ट विचारा. कोणी नागपूरची सांगेल, कोणी ग्वाल्हेरची, कोणी इंदूरची, कोणी कोकणातली. ती त्यांच्याच शब्दांत उतरून घ्या; एखादा शब्द कळला नाही तर बदलू नका, त्याचा अर्थ विचारा. पुढच्या वार्षिक अंकासाठी अशा दहा-बारा गोष्टी जमल्या, तर संपादक मंडळाने त्यांना जागा द्यावी अशी मी आताच शिफारस करून ठेवते. भूत जितके भयंकर असेल तितके चांगले; अट एकच, शेवटी त्याची फजिती झाली पाहिजे.